खासगी शिकवणीमुळे शालान्त परीक्षेत खरोखर गुण वाढतात का?

शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलाच्या आईने विचारले आहे की, वर्गातील बहुतेक मुलांनी खासगी शिकवणी लावलेली असताना आपल्या मुलाला ती लावली नाही, तर अंतिम परीक्षेत तो मागे पडेल का. इतर विषयांत त्याला ८० च्या आसपास गुण मिळतात, गणितात मात्र तो ५५ ते ६० च्या पुढे सरकत नाही, आणि परीक्षेला आता सात महिने उरले आहेत. मी १६ वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यानंतरची १२ वर्षे घरी शिकवण्या घेते आहे, आणि या काळात अंतिम परीक्षेच्या उत्तरपत्रिकाही बरीच वर्षे तपासल्या आहेत. शिकवण्यांवर माझे घर चालते हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला ते ध्यानात ठेवता येईल.

शिकवणीने गुण वाढतात, आणि पुष्कळदा चांगले वाढतात, असे माझे मत आहे. मात्र ते एका ठरावीक कारणाने वाढतात. मुलाने स्वतःच्या हाताने जे लिहिले आहे ते कोणीतरी जाणकार माणूस ओळीओळीने वाचतो, चूक नेमकी कुठे होते ते शोधून काढतो आणि ती सुटेपर्यंत त्या मुलाला पुढे जाऊ देत नाही. ज्या शिकवणीत एवढे होते ती उपयोगी पडते. जिथे हे होत नाही तिथे मूल वर्षभर एकही दिवस न चुकवता गेले, तरी शाळेत एकदा ऐकलेलेच पुन्हा ऐकून परत येते.

आसपास पाहिले तर शिकवणीला जाणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळताना दिसतात, आणि पालकांची घालमेल सुरू होते ती इथूनच. पण या तुलनेवरून काहीही ठरवता येत नाही. शिकवणी लावणाऱ्या घरांत बहुधा अभ्यासाकडे लक्ष देणारे कोणीतरी असते, मुलाला बसायला जागा असते, पुस्तके असतात, आणि यातले बरेचसे शिकवणी नसती तरी गुणांत उतरलेच असते. उलट बाजूने, नापास होण्याची भीती असलेली मुलेही शिकवणीला जातात, आणि त्यांचे गुण सरासरीत धरले की शिकवणीचा काही उपयोग होत नाही असे वाटू लागते. म्हणूनच शिकवणीचा परिणाम पाहायचा असेल, तर सारख्या मुलांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना शिकवणी द्यायची, निम्म्यांना द्यायची नाही, आणि मग दोन्ही गटांची परीक्षा घ्यायची, हाच त्यातल्या त्यात विश्वासार्ह मार्ग आहे.

असे प्रयोग झालेले आहेत. या विषयावर सर्वांत जास्त सांगितला जाणारा निष्कर्ष अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडला: ज्या मुलांना एकेकट्याला स्वतंत्र शिक्षकाने शिकवले त्यांच्यापैकी सरासरी मूल नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे गेले. शिकवणीच्या जाहिरातीला शोभेल असे हे वाक्य आहे, पण तो प्रयोग कसा झाला हे फार थोडे लोक सांगतात. मुलांना तीन आठवड्यांत ११ तासिका शिकवले गेले, विषय त्यांना नवा होता, आणि परीक्षा तेवढ्याच भागावर होती. शिवाय शिकवणीतल्या मुलाला प्रत्येक टप्प्यावर चाचणी द्यावी लागे, चुका दुरुस्त कराव्या लागत, आणि ठरलेली पातळी गाठल्यावरच पुढचा भाग सुरू होई. म्हणजे त्या यशात शिक्षक एकटा मिळाल्याचा वाटा किती आणि या चाचणी-दुरुस्तीचा वाटा किती, हे वेगळे काढायलाच हवे. नंतरच्या प्रयोगांत एवढा मोठा फायदा सहसा दिसलेला नाही.

२०२० साली तीन संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून केलेले शिकवणीचे ९६ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी परिणाम ०.३७ प्रमाण विचलन इतका निघाला. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर १०० मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेले मूल खालून मोजत साधारण ६४ व्या जागेपर्यंत सरकते. शिक्षणातील एखाद्या उपायासाठी हा परिणाम मोठाच म्हणायचा. पण या प्रयोगांतली शिकवणी कशी होती हेही त्याच अहवालात आहे: प्रशिक्षण घेतलेले शिक्षक किंवा सहायक शिकवत असतील आणि शाळेच्या वेळातच शिकवणी होत असेल, तर फायदा जास्त; शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीत तो कमी. शिकागोच्या सार्वजनिक माध्यमिक शाळांत गणितात कच्च्या असलेल्या मुलांवर असाच एक मोठा प्रयोग झाला. तिथे एका शिक्षकामागे दोनच मुले असत, रोज एक तासिका, आणि तीही शाळेच्या वेळापत्रकातली. गणिताचे गुण स्पष्टपणे वाढले. ४० किंवा ६० मुलांच्या शिकवणीवर्गाला या निष्कर्षाचा आधार देता येत नाही, कारण तिथे घडते ते वेगळेच.

बाजारातल्या शिकवणीचा, म्हणजे पालक पैसे देऊन लावतात त्या शिकवणीचा, अंतिम परीक्षेवरील परिणाम पाहिला की चित्र बरेच विरळ होते. चीनमधील जिनान शहरात विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेबाबत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकवणीचा सरासरी फायदा ठळकपणे दिसला नाही. तो दिसला तो शहरातील मागे असलेल्या किंवा कमी दर्जाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत. माझा अनुभव याच्याशी जुळतो. ज्याच्या शिकण्यात खरेच कुठेतरी खिंडार आहे त्याला शिकवणी उचलून धरते. ज्याला शाळेत सगळे नीट समजते आहे आणि जो घरी स्वतः सराव करतो, त्याच्या वेळापत्रकात ती गर्दी करते.

साध्या शिकवणीवर्गाचा परिणाम इतका कमी का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपला निर्णय त्यावरच अवलंबून राहील. फळ्यावर गणित सोडवलेले पाहताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटले म्हणजे आले असे मुलाला वाटते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. शिकवणीहून नुकतेच परतलेले मूल ‘सगळे समजले’ असे म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. ते त्या पहिल्या पाच मिनिटांत असते. परीक्षा मात्र आठवड्यांनी आणि महिन्यांनी होते.

याहून मला विचारात पाडणारा प्रयोग २००१ सालचा आहे. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेकट्याने शिकवणाऱ्यांना सांगितले की तुम्ही समजावून सांगायचे नाही, फक्त विद्यार्थ्याला बोलते करायचे: हे असे का, पुढे काय होईल, तुझ्या शब्दांत सांग. समजावणारे आणि न समजावणारे, दोघांचेही विद्यार्थी सारखेच शिकले. मी शाळेत असताना माझे समजावणे मुलांना आवडे, पालक त्याची स्तुती करत, आणि मीही त्यालाच शिकवणे समजत असे. शिकवण्या सुरू केल्यावर पहिली तीन-चार वर्षे मी तेच केले. माझ्याकडे हुशारीने माना डोलावणारी मुले परीक्षेत पहिल्याच अनोळखी प्रश्नाला अडखळत, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी माझ्याकडे स्वतः फारसे काही सोडवलेलेच नव्हते.

एक उदाहरण जवळून सांगते. एक मुलगी वर्गसमीकरणे येत नाहीत म्हणून माझ्याकडे आली. त्याआधी एका शिकवणीवर्गात तिचे हे प्रकरण दोनदा पूर्ण झाले होते आणि तिच्या वहीत सोडवलेली पन्नासेक उदाहरणे सुवाच्य अक्षरात होती. मी वही मिटायला सांगितली आणि कोऱ्या कागदावर एक समीकरण दिले: क्ष² − ३क्ष − १० = ०. अवयव पाडायची ती टाळाटाळ करत होती, तेव्हा सूत्राने सोडव असे सांगितले. सूत्र तिने अचूक लिहिले. मधल्या पदाचा सहगुणक −३ आहे हेही बरोबर ओळखले. मग वर्ग करताना तिने −३² असे लिहिले, गणकयंत्रावरही तसेच दाबले, आणि यंत्राने −९ दाखवले. पुढे −९ मध्ये ४० मिळवून ३१ आले, ३१ चे वर्गमूळ पूर्ण निघेना, आणि ती थांबली. ‘मला वर्गसमीकरणे जमतच नाहीत,’ असे म्हणाली.

उणे तीनचा वर्ग किती, असे तोंडी विचारले असते तर तिने क्षणात नऊ सांगितले असते, आणि विचारल्यावर सांगितलेही. तिची अडचण वर्गसमीकरणात नव्हती. ऋण संख्येला कंस न घालता लिहिण्याची सवय तिला फार आधीपासून होती, आणि ती सवय बीजगणितात, निर्देशक भूमितीत, जिथे जिथे ऋण संख्या येई तिथे तिथे तिचे गुण घेऊन जात होती. वहीतल्या पन्नास उदाहरणांत हे दिसणे शक्यच नव्हते, कारण ती फळ्यावरून उतरवलेली होती आणि फळ्यावर कंस होते. आम्ही दोन आठवडे फक्त कंस घालून लिहिण्याचा सराव केला. वर्गसमीकरण नव्याने शिकवावे लागले नाही. (−३)² + ४० म्हणजे ४९, वर्गमूळ ७, उत्तरे ५ आणि −२. हे तिने स्वतः काढले तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. तिच्या आधीच्या शिक्षकांना गणित कमी येत होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर एका वेळी साठ मुले होती आणि त्यातल्या कोणाचाही कच्चा कागद ते पाहू शकत नव्हते.

भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या बाबतीत मी तपासनीस म्हणून काम केलेले नाही, पण गणिताच्या उत्तरपत्रिकांत मला एक गोष्ट वारंवार दिसली. एकाच शिकवणीवर्गातल्या मुलांच्या उत्तरांची मांडणी हुबेहूब सारखी असते, प्रमेयाची सिद्धता अगदी त्याच शब्दांत असते, आणि आकृतीतली अक्षरे प्रश्नात वेगळी दिलेली असली तरी सिद्धतेत मात्र वर्गात शिकवलेलीच अक्षरे येतात. त्या ठिकाणी गुण जातात. पायरीगणिक गुणदान असल्यामुळे ज्या मुलाने स्वतः विचार करून अर्धवट सोडवले आहे त्याला काहीतरी मिळते. ज्याने पाठ केलेली दुसरीच सिद्धता उतरवली आहे त्याला देण्यासारखे फारसे उरत नाही. तयार उत्तरांचे संच देणारी शिकवणी प्रश्न नेहमीच्या वळणाचे आले तर थोडे गुण मिळवून देते हे खरे आहे. पण प्रश्न जरा फिरवून विचारले की ती शिदोरी संपते.

वेळेचा हिशेब पालक सहसा करत नाहीत, म्हणून तो मांडते. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तासांची शिकवणी आणि प्रत्येक वेळी येण्याजाण्यात एक तास धरला, तरी आठवड्याचे नऊ तास जातात. शेवटच्या वर्षातल्या मुलाकडे शाळा, झोप आणि जेवणखाण सोडून जे मोकळे तास उरतात, त्यातले हे सर्वांत चांगले नऊ तास असतात. ते तास आधी स्वतः सोडवण्यात, अडल्यावर झगडण्यात आणि मागचे आठवून लिहिण्यात जात असतील, तर त्यांच्या जागी येणारी शिकवणी त्याहून सरस असायला हवी. दोन विषयांच्या दोन शिकवण्या लावून, रात्री उशिरापर्यंत शाळेचा गृहपाठ आणि शिकवणीचा गृहपाठ संपवत बसलेले मूल स्वतःचा असा अभ्यास करतच नाही. झोप कमी झाली की दिवसा शिकलेले मनात पक्के होण्यातही खंड पडतो. मी अशा काही मुलांच्या पालकांना शिकवणी बंद करा असे सांगितले आहे, माझी सुद्धा.

आणखी एक मुद्दा थोडक्यात. अंतिम परीक्षेच्या गुणांवर पुढचे प्रवेश ठरतात, तेव्हा गुणांबरोबर क्रमही महत्त्वाचा असतो, आणि सगळेच शिकवणीला जाऊ लागले की क्रम पुन्हा पूर्वीसारखाच लागतो. खर्च आणि थकवा तेवढा वाढतो. या चढाओढीला आळा घालण्यासाठी दक्षिण कोरियाने १९८० साली खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. ती पूर्णपणे कधीच पाळली गेली नाही आणि २००० साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द ठरवली. चीनने २०२१ साली शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. सरकारांना हे करावेसे वाटले यावरून एवढे दिसते की, वर्गातली सगळी मुले जातात म्हणून आपलेही पाठवायचे, हा दबाव एकट्या घराचा नसतो. तरीही तो निर्णयाचे कारण होऊ नये. आपल्या मुलाच्या वर्गातील बहुतेक मुले काय करतात यावरून त्याचे गणित ५५ वर का अडले, हे कळणार नाही.

ते कळण्यासाठी आपण या आठवड्यातच एक काम करावे. मागच्या एखाद्या वर्षाची, त्याने न पाहिलेली गणिताची प्रश्नपत्रिका घ्यावी, आणि वेळ लावून, पुस्तक व वही दूर ठेवून ती त्याच्याकडून पूर्ण सोडवून घ्यावी. गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला, हे त्याच्या शाळेतील शिक्षकांसोबत बसून पाहावे. बहुतेक शिक्षक यासाठी अर्धा तास आनंदाने देतात, फक्त कोणी विचारत नाही. काही गुण असे गेलेले असतील की तो भाग त्याला कधी समजलेलाच नाही. काही गुण येत असलेल्या गोष्टीत सारखी तीच चूक झाल्यामुळे गेलेले असतील, वर सांगितलेल्या मुलीसारखे. काही वेळ न पुरल्यामुळे, आणि काही प्रश्न नीट न वाचल्यामुळे. इतर विषयांत ८० मिळवणाऱ्या मुलाचे गणितात २० ते २५ गुण कमी पडतात तेव्हा माझा पहिला संशय पहिल्या दोन कारणांवर जातो, आणि ती कारणे बहुधा दोन-तीन प्रकरणांत, नाहीतर मागच्या इयत्तांतल्या अपूर्णांक, ऋण संख्या किंवा समीकरणाच्या बाजू बदलण्यात सापडतात. वेळ न पुरणे आणि प्रश्न चुकीचा वाचणे यांसाठी शिकवणीची गरज नाही. दर आठवड्याला घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सोडवली की त्यात दोन महिन्यांत फरक पडतो.

पहिली दोन कारणे निघाली तर शिकवणी जरूर लावा, आणि आत्ताच लावा. सात महिने हा पाया दुरुस्त करण्यास पुरेसा काळ आहे. शेवटचे सहा आठवडे त्यासाठी पुरेसे नसतात, त्यात फक्त उजळणी होते. शिक्षक असा शोधा जो एकावेळी एक, दोन, फार तर चार मुलांना घेतो. त्याला किंवा तिला पहिल्याच भेटीत ती सोडवलेली प्रश्नपत्रिका दाखवा. जो शिक्षक ती हातात घेऊन चुका वाचू लागतो आणि मुलाला ‘हे असे का केलेस’ असे विचारतो, त्याच्याकडे पाठवा. जो आपला अभ्यासक्रम कधी सुरू होतो आणि कधी संपतो एवढेच सांगतो, तो शिकवेल कदाचित चांगले, पण आपल्या मुलाची अडचण त्याच्या वेळापत्रकात बसणार नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरतात; मधल्या दिवसांत मुलाने एकट्याने सोडवायचे असते, आणि शिकवणीच्या दिवशी ते सोडवलेले तपासले जायला हवे. मुलाच्या शाळेतले शिक्षकच त्याची खासगी शिकवणी घेणार असतील तर मी ते टाळायला सांगेन, कारण जे वर्गात सगळ्यांना मिळायला हवे ते शिकवणीसाठी राखून ठेवण्याचा मोह त्या व्यवस्थेतच आहे, माणूस कितीही भला असला तरी.

महिन्याने पुन्हा एक न पाहिलेली प्रश्नपत्रिका घरी सोडवून घ्या. शिकवणीतल्या चाचणीचे गुण पाहू नका. ती तिथे शिकवलेल्या भागावरच असते आणि त्यात सगळीच मुले वर जातात. पहिल्या प्रश्नपत्रिकेत ज्या जागी गुण गेले होते त्याच जागा पुन्हा पाहा. त्या भरून निघत असतील तर शिकवणी चालू ठेवा, आणि त्या भरून निघाल्या की परीक्षेची वाट न पाहता ती थांबवा, म्हणजे शेवटचे दोन महिने त्याला स्वतःसाठी मिळतील. दोन महिन्यांनंतरही त्या जशाच्या तशा असतील, तर तास वाढवू नका, शिक्षक बदला.

प्रश्नपत्रिका सोडवून झाल्याबरोबर तपासायला बसू नका. ती रात्रभर तशीच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच तपासायला द्या, उत्तरे आधी न दाखवता, फक्त ‘तुला कुठे शंका वाटते तिथे खूण कर’ एवढे सांगून. त्याने केलेल्या खुणा आणि प्रत्यक्ष चुका यांतले अंतर पाहून, शिकवणी लावावी की नाही, हे आपल्याला बरेचसे कळेल.